दोन्ही वायर सारख्याच लांबीच्या हव्यात का?
एका लेखात म्हटलंय की डाव्या उजव्या स्पीकरच्या वायर अगदी सारख्या हव्यात नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा येतो, हे काही पटलं नाही. वायरमधून सिग्नल इतका फास्ट जातो की दोन मीटरचा फरक म्हणजे जेमतेम १० नॅनोसेकंद, त्यापेक्षा आपण सोफ्यावर एक सेंटीमीटर सरकलो तरी हजारो पट जास्त फरक पडतो. खरं बघायचं ते रेझिस्टन्सकडे, म्हणजे वायर करंटला किती अडवते त्याकडे. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर १० मीटर लांब घेतली की जाऊन येऊन साधारण पाव ओहम होतो, ८ ओहमच्या स्पीकरला चालतंय, पण स्पीकर ४ ओहमचे असतील तर सरळ अडीच स्क्वेअर एमएमची घ्या. आणि मोजताना दोरी टाकून मोजा, भिंतीच्या कडेने, दरवाजाच्या चौकटीवरून, नुसतं हवेतलं अंतर धरू नका, वर अर्धा एक मीटर जास्तीची ठेवा म्हणजे साफसफाईला स्पीकर पुढे ओढता येतो. मी पहिल्यांदा अगदी मापात कापली होती, रॅक हलवला आणि दोन्ही वायर पुन्हा घ्याव्या लागल्या. टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची) वायर मात्र आखूडच ठेवा, तिथे लांबीने कपॅसिटन्स (वायरची चार्ज साठवायची क्षमता) वाढतो आणि मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) कार्ट्रिजचा, म्हणजे सुई असलेल्या भागाचा, आवाज खरंच बदलतो.