हाँगकाँगला जाऊन फेरीबोटीत बसलो

परवा हाँगकाँगहून परत आलो. चार दिवस, तीन रात्री, मी आणि नवरा, दोघंच. आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, माहेरी सगळीकडे एकच प्रश्न: "डिस्नेलँड केलं का?" नाही केलं. आणि हे 'केलं' कुठून आलं हो? व्हिक्टोरिया पीक केलं, मोठा बुद्ध केला, मकाव केलं. धुणं केलं, भांडी केली, तसं.

नवऱ्याने निघायच्या आधी एक्सेलचा तक्ता बनवला होता. सकाळी ९ ते रात्री १०, तासागणिक. त्यात पहिल्याच दिवशी व्हिक्टोरिया पीक, म्हणजे शहरावरचा उंच डोंगर. ठाण्याहून निघतानाच तिकिटं मोबाइलवर काढलेली, डोंगरावर चढणारी ट्राम आणि वरची गच्ची मिळून. मार्चअखेरीस तिथे समुद्रावरून दमट हवा येते आणि डोंगर धुक्यात बुडतो, हे तिकीट विकणारा कशाला सांगेल? आम्ही वर पोहोचलो तेव्हा समोर पांढरी भिंत. जुलैत लोणावळ्याला लायन्स पॉइंटवर दिसतं तेच, फक्त कणीस नाही. नवरा तरीही कठड्यापाशी उभा राहून वीस मिनिटं "आता उघडेल बघ" म्हणत होता. पैसे भरले होते ना.

त्या पीकची ट्राम १८८८ सालची. पुढे १९०४ मध्ये, ब्रिटिशांच्या राज्यात, कायदाच केला गेला, की या डोंगरावर चिनी माणसाने राहायचं नाही. नोकरचाकर तेवढे चालतील. तो कायदा १९४६ पर्यंत टिकला. ट्रामच्या पुढच्या दोन जागा कित्येक वर्षं गव्हर्नरसाहेबांसाठी राखीव असत. हे वाचल्यावर मला धुक्याचं फार वाईट वाटेनासं झालं.

गंमत अशी, की त्याच १८८८ साली खाली बंदरात आपल्या मुंबईहून गेलेल्या एका पारश्याने फेरी कंपनी काढली. दोराबजी नौरोजी मिठाईवाला. बेकरी आणि हॉटेलं चालवणारा माणूस. बंदरापलीकडच्या कौलूनहून हाँगकाँग बेटावर बोटी सोडायला लागला. दहा वर्षांत कंपनी दुसऱ्याकडे गेली आणि तिचं नाव स्टार फेरी झालं. आजही प्रत्येक बोटीच्या नावात 'स्टार' आहे. हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि माझा ऊर उगाचच भरून आला. आपला काय संबंध, पण येतो.

तर ही फेरी. तिकीट पाच-सहा हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपले साठ-सत्तर रुपये. हिरवी-पांढरी बोट, दोन मजले. ती वळत नाही, दोन्ही टोकं सारखीच. आली तशीच उलटी निघते. म्हणून लाकडी बाकांच्या पाठी पुढेमागे ढकलता येतात. चढलं की पाठ ढकलायची, तोंड समोरच्या किनाऱ्याकडे करायचं आणि बसायचं. लोक हे न बघता करतात, आपण दार लोटावं तसं. शाळेची मुलं, भाजीची पिशवी घेतलेल्या आज्जी, टायवाले बँकवाले. खलाशी हुकाने दोर ओढतो, फळी धाडकन पडते, उतरा. पुरी दहा मिनिटंही लागत नाहीत.

पहिल्यांदा गेलो ते पलीकडे जायचं म्हणून. दुसऱ्यांदा मी म्हटलं, चल परत. चार दिवसांत आठ वेळा गेलो. तिसऱ्या दिवशी तक्त्यात केबल कार होती. मी म्हटलं, तू जा, मी बोटीत बसते. जरा वाजलं आमचं. मग तोही बोटीतच आला, गाल फुगवून. रात्री ८ ला दोन्हीकडच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ सुरू होतो तेव्हा आम्ही नेमके पाण्याच्या मध्यावर होतो. तो काही बोलला नाही, पण पाठ ढकलून मागचा किनारा बघायला लागला.

या तिकिटाचं मोल तिथल्या लोकांना विचारा. १९६६ साली वरच्या मजल्याचं भाडं फक्त ५ सेंटने वाढणार होतं. एक तरुण फेरीच्या धक्क्यावर उपोषणाला बसला आणि बघता बघता शहरात दंगल उसळली. राग अर्थातच फक्त ५ सेंटचा नव्हता.

बेटावरच्या दुमजली ट्रामचंही तसंच. १९०४ पासून चालू आहे. मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे द्यायचे, कुठूनही कुठेही जा, भाडं एकच. वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसले आणि आजीची आठवण झाली. ती मुंबईच्या ट्रामच्या गोष्टी सांगायची. आपली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. अडचण होते म्हणून. त्यांच्या रस्त्यांना होत नसेल?

रविवार मात्र जड गेला. सेंट्रल भागात मोठमोठ्या बँकांच्या खाली, पुलांवर, पुठ्ठे अंथरून हजारो बायका बसलेल्या. फिलिपिन्सच्या, इंडोनेशियाच्या. डबे उघडलेले, पत्ते चाललेले, कोणी एकमेकींचे केस विंचरतंय, कोणी व्हिडिओ कॉलवर लेकराशी बोलतंय. घरकामाला आलेल्या अशा तीन लाखांहून जास्त. नियमाने मालकाच्याच घरी राहावं लागतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जायला स्वतःची खोली नाही. काही पर्यटक त्यांचे फोटो काढत होते. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. माझ्याकडे येणाऱ्या ताईंना आठवड्याची सुट्टी हवी म्हटल्यावर मीच कपाळाला आठी घातली होती, ते आठवलं. ते इथे लिहिणार नव्हते, लिहिलं.

खाण्याचं थोडक्यात: अंड्याचे टार्ट गरमागरम खा, दिवसाला दोन तरी. नवरा शाकाहारी, त्यामुळे एकदा चुंगकिंग मॅन्शन्स नावाच्या इमारतीतल्या भारतीय खानावळीत डाळभात, बाकी भडंग आणि ठेपले.

आता माझं मुख्य दुखणं. बंदर आपल्यालाही आहे. पण मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी गोदीच्या भिंती. कुलाबा सोडलं तर समुद्र म्हणजे आपल्याला मरीन ड्राइव्ह आणि दादर चौपाटी, म्हणजे दुसरी बाजू. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, मोऱ्याला लाँच जाते. आमच्या सोसायटीत विचारा, किती जण तीत बसलेत. हाँगकाँगच्या बोटीचे आठ फोटो टाकणारी मी स्वतः शेवटची कधी बसले? कॉलेजात असताना.

काल नवऱ्याला म्हटलं, या रविवारी रेवसला जाऊन येऊ. म्हणाला, "त्या लाँचला डिझेलचा वास येतो." मग म्हणाला, "किती वाजता आहे, ते बघून ठेवतो." लॅपटॉप उघडून बसलाय. बहुतेक तक्ता बनतोय.