‘सेवा हाच व्यायाम’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पंधरवड्यात चार ग्रुपवर एकच मेसेज आला: ‘घरी आजारी आईवडील असतील तर वेगळा व्यायाम कशाला? सेवा हाच व्यायाम. सेवेतच मनःशांती. स्वतःसाठी वेळ काढणं हा स्वार्थ.’ माझ्या सासूबाईंना (मी त्यांना आत्या म्हणते) स्मृतिभ्रंश होऊन सहा वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागला आम्ही राहतो, त्यांचं सगळं मीच करते. यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

सेवा हाच व्यायाम? घरकामही हालचालीत धरतात, हे खरं. पण आत्यांना मोरीतून वाकून, कमरेत पिळून हिसक्यानं उठवलं की ताकद वाढत नाही, कंबर धरते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. तो सेवेतून होत नाही. मला फिजिओथेरपिस्टनं खुर्चीतून हात न टेकता उठबस आणि भिंतीला रेटा देणं शिकवलं. मांड्यांत जोर आला, तेव्हा कुठे मी गुडघ्यांत वाकून आत्यांना नीट उठवू लागले. वेळ नसतो, मान्य. पण सलग दहा मिनिटं हवीतच ही जुनी अट संघटनेनं 2020 मध्ये काढून टाकली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दहा वेळा उठबस होते. हे घरी असले की मी आमराईत वीस-बावीस मिनिटं भरभर चालून येते. रोज जमलं तर दीडशे भरतात.

सेवेतच मनःशांती? संध्याकाळी साडेपाचला आत्या पदर खोचून दाराशी उभ्या राहतात. “घरी जाते गं, गाई यायची वेळ झाली.” चाळीस वर्षं याच घरात राहिल्यात. या आजारात दिवस कलताना अस्वस्थता वाढते, हे नेहमीचंच. पंधराव्यांदा तेच ऐकलं की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की त्या आणखी घाबरतात. लंडनच्या संशोधकांनी 260 काळजीवाहू नातेवाइकांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींना आठ भेटींत अशा प्रसंगांना तोंड कसं द्यायचं ते शिकवलं, आणि प्रत्येक भेटीत अंग-मन सैल सोडण्याचा सरावही होता. त्यांची चिंता आणि उदासी इतरांपेक्षा कमी राहिली, दोन वर्षांनीही. मी पाचलाच बसते: मुठी आवळून सोडायच्या, खांदे कानापर्यंत नेऊन सोडायचे, श्वास घ्यायला लागतो त्याहून सोडायला जास्त वेळ घ्यायचा. पाच मिनिटं. मग “चला आत्या, गाई कुठवर आल्या बघू” म्हणत दोघी अंगणात फेऱ्या मारतो.

आणि स्वार्थ? रविवारी दुपारी नणंद कुपवाडहून येते, दोन तास आईजवळ बसते. त्या वेळात मी दार लावून झोपते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी ओळखीतल्या अशा एखाद्या घरी आठवड्यातून एकदा, संध्याकाळी पाच ते सहा जाऊन बसावं.