पट्टा तुटत नाही, जळतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्यांना धरून आहे. म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रबरी पट्ट्यावर चालणारी यूटीव्ही (शेतात-रानात माल आणि माणसं वाहणारी छोटी चारचाकी) म्हणजे थोराड स्कूटर, कामाच्या गाडीला गिअरच हवेत. ८० हॉर्सपॉवरची पेट्रोल इंजिनं मिळत असताना मी पंचविसाच्या डिझेलचं कौतुक करतो, हा जुनाटपणा आहे. पट्ट्याची गाडी उतारावर मोकळी सुटते. आणि पुरावा म्हणून, तुमचा स्वतःचा पट्टा एका हंगामात दोनदा जळला.

हॉर्सपॉवरचं आधी उरकून घेऊ. माल आणि माणसं धरून दीड टनाची गाडी २० टक्के चढावर, मऊ मातीतून, ताशी ६ किलोमीटरने चालली आहे असं धरा. चढासाठी साधारण २,९०० न्यूटन बल लागतं. मातीचा रोध वजनाच्या १० टक्के धरला तर आणखी १,५००. एकूण ४,४००. त्याला वेगाने गुणलं की येतात ७.३ किलोवॅट, म्हणजे जेमतेम १० हॉर्सपॉवर. कुबोटाच्या आरटीव्ही-एक्स११००सीमध्ये तीन सिलिंडरचं, पंचविसाच्या आसपासचं डिझेल इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने जोर चाकांकडे नेणारं, ट्रान्समिशन आहे. त्यातली पाव शक्ती तेल तापवण्यात गेली तरी ही गाडी त्या चढावर दमणार नाही. तुमच्या ८०पैकी उरलेले हॉर्सपॉवर पळण्यासाठी आहेत. पळायची हौस असेल तर जरूर घ्या, माझी हरकत नाही. फक्त ते ओझ्याच्या नावावर खपवू नका.

पट्ट्याचं प्रकरण मात्र इतक्या झटपट मिटणारं नाही. पट्टा नाजूक असतो म्हणून जातो, हे मला पटत नाही. त्याच्या पोटात अरॅमिड या चिवट धाग्याच्या दोऱ्या असतात, ओढीने तो सहसा तुटत नाही. त्याला मारते ती उष्णता, आणि उष्णता येते घसरण्यातून.

तो घसरतो कधी? तोच ताशी ६चा चढ घ्या. ६६ सेंटीमीटर व्यासाचं चाक त्या वेगाला मिनिटाला ४८ फेरे घेतं. समजा, हाय म्हणजे वेगाच्या गिअरमध्ये पट्टा सगळ्यात खालच्या टप्प्यावर असताना इंजिनाचे २५ फेरे म्हणजे चाकाचा एक. म्हणजे इंजिन १,२०० आरपीएमवर चालायला हवं. पण पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, पुलीतली वजनं बाहेर फेकली जाऊन पुलीने पट्टा पुरता आवळायला त्याहून बरेच जास्त फेरे लागतात. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, पुली २,०००ला फिरते, पट्टा मात्र १,२००च्या हिशेबाने सरकतो. मधल्या ८०० फेऱ्यांचं काय होतं? पुलीचे गाल, म्हणजे दोन बाजूंच्या तबकड्या, पट्ट्याला घासत राहतात. आता लो म्हणजे ओढीचा गिअर टाका आणि एकूण प्रमाण ६०ला एक धरा. त्याच वेगाला इंजिन २,९००च्या आसपास जातं, वजनं बाहेर येतात, पट्टा गच्च धरला जातो. चढ तोच, ओझं तेच, पट्टाही तोच.

तुमचे जळलेले पट्टे टाकून दिले नसतील तर नीट बघा. एकाच जागी कंबर बारीक झाली असेल, तर चाकं रुतलेली असताना ॲक्सिलरेटर दाबून धरला गेलाय. दोन्ही कडा सगळीकडून काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर बराच वेळ घसरत चाललाय, आणि माझा पहिला संशय हायवरच जाईल. थंड हवा आत घेणारी नळी चिखलाने बुजली असली तरी तोच परिणाम होतो, तेव्हा तीही तपासा.

बाकी गिअरबद्दल. साध्या गिअरबॉक्सच्या गाडीत चिखलाच्या चढावर क्लच दाबला की गाडीचा जोर तिथेच मरतो. पट्ट्याच्या गाडीत मागच्या, म्हणजे चाकांकडच्या, पुलीतला तिरका कॅम (उतरत्या कडेचा भाग) ओझं वाढलं की पट्टा अधिक आवळतो आणि ओढ न तोडता खालच्या प्रमाणावर आणतो. पट्ट्याने प्रमाण बदलण्याची करामत काही कालची नाही. डाफ कंपनीने १९५८ साली ती चक्क मोटारीत घालून सादर केली होती. होंडाच्या पायोनिअर १०००मधला सहा गिअरचा डीसीटीही (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) ओढ तुटू देत नाही, आणि मला तो मनापासून आवडतो. पण त्यातही क्लचप्लेटा आहेतच, आणि मुंगीच्या पावलाने रांगताना त्याही घसरतात. शिवाय पट्टा रानात, सीटखालच्या पान्यांनी बदलता येतो. क्लचप्लेटा बदलायला गाडी गॅरेजातच न्यावी लागते.

तुमचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे : उतार. साध्या पट्ट्याच्या रचनेत फेरे उतरले की पुढची पुली पट्टा सोडून देते आणि भरलेली गाडी मोकळी सुटते. यावर उपाय आहेत. पुढच्या पुलीत एकाच दिशेला धरणारं बेअरिंग बसवतात. यामाहाच्या अल्ट्रामॅटिकमध्ये तर पट्टा कायम ताणलेलाच राहतो आणि सुटण्या-धरण्याचं काम तेलातला वेगळा क्लच करतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये पाय काढला की गाडी आपसूक आवरते. हे सगळ्याच गाड्यांत नसतं आणि माहितीपत्रकात ठळक छापलेलंही क्वचित सापडतं. तेव्हा ओझं घेऊन रोज उतरायचं असेल, तर घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा : उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला धरतं का? ‘ब्रेक आहेत की’ असं उत्तर आलं, तर दुसरी गाडी बघा.