न्यूट्रिनो आणि तांब्याचा पत्रा
मृग नक्षत्रातील काक्षी ताऱ्याचा लवकरच स्फोट होणार, त्यातून निघणारे न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण कशानेही अडत नाहीत, ते आपल्या पेशी जाळतील, शास्त्रज्ञांना हे काही तास आधी कळेल पण ते लपवतील, आणि उशाशी तांब्याचा पत्रा ठेवल्यास बचाव होईल, असा संदेश सध्या नागपुरात फिरतो आहे. महालात राहणाऱ्या माझ्या आत्याने तो पत्रा विकतही आणला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

जे कशानेही अडत नाही ते पत्र्याने कसे अडेल, एवढाही प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला नाही. शिवाय ‘कशानेही अडत नाहीत’ हेही अर्धसत्यच आहे. पृथ्वीतून ते आरपार जातात हे मान्य. परंतु कोसळत्या ताऱ्याच्या गाभ्यात एका घन सेंटिमीटरमध्ये १० लाख टन द्रव्य दाटले की न्यूट्रिनोही अडकतात आणि दिवाळीच्या तोंडावर बर्डीच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखे धक्के खात बाहेर पडतात. जड अणुकेंद्रातील सगळे न्यूट्रॉन एकजुटीने त्यांना विखुरतात, हे भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीडमन यांनी १९७४ मध्ये मांडले आणि २०१७ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगात ते दिसले. निसटणाऱ्यांपैकी थोडे न्यूट्रिनो बाहेरच्या थरात शोषले जातात, आणि त्या उष्णतेनेच, ताऱ्याला फोडणारी पण वाटेत थबकलेली धक्कालहर पुन्हा उसळते, असे आजचे बहुतेक संशोधक मानतात.

न्यूट्रिनो गाभ्यात अडकतात याचा पुरावा २३ फेब्रुवारी १९८७ चा आहे. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरील स्फोटाचे न्यूट्रिनो जपानच्या कामिओकांडे या शोधक यंत्रातील दोन हजारांहून अधिक टन पाण्यात टिपले गेले, तेही अवघे ११, आणि सुमारे १२ सेकंदांच्या अवधीत. गाभ्यात अडवणूक नसती तर ते सेकंदाच्या अंशातच निघून गेले असते.

याच नोंदीवरून पेशी जाळण्याचाही हिशेब होतो. काक्षी साधारण ६०० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे १९८७ च्या स्फोटापेक्षा सुमारे २८० पट जवळ, आणि अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने न्यूट्रिनोंचा लोंढा सुमारे ८० हजार पट मोठा असेल. पण माणसाचे शरीर त्या पाण्याच्या सुमारे तीस हजाराव्या भागाइतक्या वजनाचे. म्हणजे संपूर्ण स्फोटात शरीरात काही डझन टकरी होतील, तर आपल्याच शरीरातील पोटॅशियममुळे दर सेकंदाला सुमारे चार हजार किरणोत्सारी विघटने आजही होत असतात. आणि ‘लवकरच’ म्हणजे खगोलशास्त्रात लाखभर वर्षेही असू शकतात.

काही तास आधी कळेल, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. १९८७ मध्येही न्यूट्रिनो प्रकाशाच्या दोन-तीन तास आधी पोहोचले होते. राहिले लपवण्याचे, तर अशा स्फोटांची पूर्वसूचना देणारे आंतरराष्ट्रीय जाळे आहे आणि त्याच्या सूचनांसाठी कोणालाही मोफत नोंदणी करता येते.