भूतानच्या सहलीवरील दोन-स्टार रिव्ह्यूला उत्तर

सप्रेम नमस्कार,

नोव्हेंबरच्या भूतान गटात तुम्ही, वहिनी, चिरंजीव आणि तुमच्या आई आला होतात. परतल्यावर तुम्ही दोन स्टार देऊन सविस्तर लिहिले आहे. वाचणाऱ्या इतरांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगते. सात रात्रींचे सरकारी शुल्क ही लूट आहे आणि ते परत मिळावे. टायगर्स नेस्टला रोपवे नाही, डोली नाही आणि गाइडने आईंना अर्ध्यावर थांबवले. फोबजिखाच्या दरीत पक्षी दुर्बिणीतून दाखवले, ड्रोन उडवू दिला नाही. गाडी हाताशी असताना जंगलातून पायी नेले. सोबत आचारी नव्हता. आणि एकूणच, ‘एवढासा देश, तीन दिवसांत उरकला असता.’

आधी आईंबद्दल, म्हणजे काकूंबद्दल लिहिते, कारण तुमच्या लिहिण्यात सगळ्यात जास्त दुखावलेपण तिथे आहे.

ताक्त्सांग, म्हणजे ज्याला सगळे टायगर्स नेस्ट म्हणतात तो मठ, 3,120 मीटर उंचीवर आहे. पारोच्या खोऱ्यापासून सरळ वर साधारण 900 मीटर. वाहनतळावरून घोडा मिळतो, पण तो मधल्या कॅफेटेरियापर्यंतच, आणि उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत. कॅफेटेरियाच्या पुढे चढ आहेच, पण खरी परीक्षा त्यानंतर लागते. मठ अगदी समोर दिसायला लागतो आणि मध्ये दरी असते. तिथून सातशेच्या वर पायऱ्या. आधी धबधब्यापर्यंत खाली उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा चढायचे. परत येताना त्याच पायऱ्या उलट्या, म्हणजे दमलेल्या पायांनी पुन्हा एक चढ. जाताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. गाइडच्या मात्र ते सतत डोक्यात असते, कारण तिथे अडकलेल्या माणसाला पाठीवर किंवा स्ट्रेचरवर आणण्यावाचून दुसरी सोय नाही.

कॅफेटेरियाच्या पुढे थोडे चालल्यावर काकूंना धाप लागली आणि डोके दुखू लागले. थोडा वेळ बसूनही धाप कमी झाली नाही. एवढ्या उंचीवर ही दोन लक्षणे एकत्र दिसली की आणखी वर जायचे नसते. हा नियम डोंगरात काम करणाऱ्या प्रत्येकाला शिकवलेला असतो आणि तिथे वयाचा किंवा श्रद्धेचा प्रश्न येत नाही. गाइडने त्यांना थांबायला सांगितले, आमचा सहकारी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिला आणि तुम्ही तिघे पुढे गेलात. त्याचा हा निर्णय मला पूर्ण मान्य आहे. पुन्हा तशी वेळ आली तर त्याने पुन्हा तेच करावे.

ताक्त्सांग आम्ही मुद्दाम शेवटी ठेवतो. आधी थिंफू, मग पुनाखा, फोबजिखा असे करत शरीराला उंचीची सवय होऊ द्यायची आणि मग चढायचे. ज्या सहलींत दुसऱ्याच दिवशी हा चढ असतो त्यांत अर्ध्यावरून परतणारे बरेच दिसतात. सवय होऊनही एखाद्याला त्रास होतोच.

डोलीबद्दल तुम्ही केदारनाथ आणि वैष्णोदेवीचे उदाहरण दिले आहे. तिकडची सवय असलेल्या यात्रेकरूला ही अपेक्षा असणे मी समजू शकते. ताक्त्सांगला डोली नाही. भूतानी आज्या काठी टेकत, मण्यांची माळ ओढत चालत जातात. जमेल तिथपर्यंत जातात आणि तिथूनच हात जोडून परततात. गुरू रिनपोछे, म्हणजे आपण ज्यांना पद्मसंभव म्हणतो ते, आठव्या शतकात वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले अशी तिथली श्रद्धा आहे. त्या गुहेभोवती 1692 मध्ये मंदिर उभे राहिले. एप्रिल 1998 मध्ये आगीत मुख्य इमारत जळाली आणि ती पुन्हा बांधून पूर्ण व्हायला 2005 उजाडले. आतली देवालये किती लहान आहेत ते तुम्ही पाहिले आहे. लाकूड, कापड, तुपाचे दिवे, अरुंद जिने. रोपवेने दर दहा मिनिटांनी गाडीभर माणसे तिथे उतरू लागली तर काय होईल? रोपवे झाला तर आमच्यासारख्यांची गिऱ्हाइके वाढतील हे मला कळते. तरी तो होऊ नये असे मला मनापासून वाटते.

फोन आणि कॅमेरे दारातच ठेवून घेतले याचाही तुम्हाला राग आला. तो नियम आमचा नाही, तो तिथे प्रत्येकाला लागू आहे. आणि मला तो आवडतो.

काकूंचे दर्शन चुकले असे मात्र मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी गाइड त्यांना पारोतल्याच कीचू ल्हाखांगला घेऊन गेला. सातव्या शतकात तिबेटचा राजा सोंगत्सेन गाम्पो याने उभारलेले हे मंदिर भूतानमधल्या सगळ्यात जुन्या मंदिरांपैकी एक. तिथे चढ नाही, अंगणात बसायला ऊन असते आणि गावातल्या वृद्ध बायका सकाळपासून प्रदक्षिणा घालत असतात. काकूंनीही त्यांच्याबरोबर प्रदक्षिणा घातल्या, प्रार्थनाचक्रे फिरवली. हे मला त्यांनीच फोनवर सांगितले. तुमच्या रिव्ह्यूत ही सकाळ आलेली नाही, म्हणून इथे लिहिली.

आता शुल्क. शाश्वत विकास शुल्क, ज्याला तिथे सगळे एसडीएफ म्हणतात, भारतीयांना माणशी दर रात्री 1,200 रुपये आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे आणि त्याहून लहानांना माफ. तुमचे तीन मोठ्यांचे सात रात्रींचे 25,200 आणि चिरंजीवांचे 4,200, असे एकूण 29,400 रुपये झाले. रक्कम मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण ती आमच्या कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळ्या ओळीत होती आणि तिच्यातला एकही रुपया आमच्याकडे राहत नाही. जयगावच्या मुक्कामाला ते लावलेले नाही, कारण जयगाव भारतात आहे. तुमचे बंधू 2018 मध्ये गेले तेव्हा त्यांना काही भरावे लागले नाही हेही खरे आहे. तेव्हा भारतीयांना सूट होती. कोविडनंतर सप्टेंबर 2022 मध्ये भूतानने सीमा पुन्हा उघडल्या तेव्हापासून आपल्यालाही शुल्क आहे. इतर बहुतेक देशांचे प्रवासी आज रात्रीला 100 डॉलर भरतात.

तो पैसा सरकारी तिजोरीत जातो. आठ लाखांच्या आत वस्ती असलेला हा देश. तिथे दवाखान्यातले मूलभूत उपचार आणि दहावीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे. 2008 च्या राज्यघटनेत लिहिले आहे की देशाची किमान 60 टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील. प्रत्यक्षात ती आज 70 टक्क्यांच्या आसपास आहे. सीमेवरच्या फुंत्शोलिंगहून थिंफूला चढताना वळणावळणाला तुम्ही गाडी थांबवून फोटो काढत होतात, ते हेच जंगल. ते तोडले असते तर लाकडाचे पैसे मिळाले असते. ते न तोडणाऱ्यांनी पाहुण्याकडून काही मागितले तर त्याला लूट म्हणणे मला पटत नाही. परतावा देता येणार नाही, पण चौघांच्या शुल्काच्या पावत्या पुन्हा मेल केल्या आहेत.

फोबजिखाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे तुमचे आणि गाइडचे शब्दाला शब्द लागले. काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरच्या अखेरीस तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून या दरीत उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जातात. रात्री ते पाणथळीत, उथळ पाण्यात उभे राहतात, म्हणजे कोल्ह्या-बिबट्याची चाहूल लागते. दिवसभर शेतांत पडलेले दाणे, मुळे वेचून अंगात जे साठते त्यावरच त्यांना हिवाळा काढायचा आणि परतीचे उड्डाणही करायचे असते. एकदा घाबरून थवा उठला की त्या साठ्यातला वाटा वाया जातो. म्हणून जवळ जायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही आणि ड्रोन तर नाहीच. विजेच्या तारांत पंख अडकू नयेत म्हणून या दरीत वीज जमिनीखालून आणली. गावकऱ्यांची श्रद्धा आहे की येताना आणि जाताना हे पक्षी गांगते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात. त्यांच्या पाहुण्यांशी आपण कसे वागायचे हे त्यांनीच ठरवलेले बरे. खोलीत हीटरऐवजी बुखारी होती हे खरे. त्या गावात लाकडाची बुखारीच असते, आणि सरपण रात्री दोनदा आणून दिले होते.

पायी चालण्याबद्दल: आमच्या सहलीच्या नावातच पदभ्रमण आहे, आणि फॉर्मवर ‘रोज दोन ते तीन तास चालण्याची तयारी’ या ओळीसमोर सही घेतो. दोचूला खिंडीतून पुनाखाकडे उतरणारी ती वाट हा कुठला तरी शॉर्टकट नव्हे. पश्चिमेच्या ‘हा’ नावाच्या खोऱ्यापासून पूर्वेच्या त्राशीगांगपर्यंत 403 किलोमीटरची जुनी पायवाट होती. निरोपे आणि यात्रेकरू तिच्यावरून जात. 1960 च्या दशकात मोटाररस्ते झाले आणि ती बुजली. मग पूल, पायऱ्या, दिशादर्शक पाट्या पुन्हा उभारून 2022 मध्ये ती परत खुली झाली. आमच्या गटाला तिच्यावरून थोडे तरी चालवणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण रस्त्यावरून भूतान दिसतो तो घाटातला. गावे, शेते, चोर्तेन म्हणजे स्तूप, ओढ्यावरची पाण्याने फिरणारी प्रार्थनाचक्रे ही पायवाटेवर भेटतात. ज्यांना चालायचे नव्हते त्यांच्यासाठी गाडी होती, आणि तुम्ही चौघे त्या दिवशी गाडीतूनच पुनाखाला पोचलात.

त्याच खिंडीत तुम्ही गाइडला विचारले होते की समोरच्या शिखरांवर मोहिमा का नाहीत. गांगखर पुएनसुम 7,570 मीटरचा, आणि त्याच्या माथ्यावर अजून कुणी पाऊल ठेवलेले नाही. 1994 पासून 6,000 मीटरवरच्या शिखरांना बंदी होती आणि 2003 पासून गिर्यारोहण पूर्ण बंद आहे, कारण डोंगर देवतांचे आहेत असे लोक मानतात. त्या मोहिमांच्या परवान्यांतूनही पैसे मिळाले असते. त्यांनी तेही नको म्हटले.

जेवणाचे एवढेच. आमच्या गटाबरोबर महाराज नसतो, आणि हे आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो. केवा दात्सी, म्हणजे बटाटा आणि चीज, शाकाहारी मंडळींना सहसा आवडते. एमा दात्सीत मिरची हीच भाजी असते, ती सगळ्यांना झेपत नाही. वरण-भात रोज मिळत होता.

आणि तीन दिवसांचा मुद्दा. तीन दिवसांत थिंफू, पुनाखा, पारो उरकतात. तशा सहली चांगल्या चालवणारे लोक पुण्यात आहेत. फोन केलात तर मी स्वतः नावे सांगेन. पुढे कुणी जाणार असेल तर एक लक्षात ठेवा: आधार कार्ड चालत नाही. सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते आणि मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला.

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या तब्येतीची चौकशी गाइडनेही केली आहे. त्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते.