मावशीचा थंब

आज सकाळी मावशीचा फोन आला तेव्हा मी कामात होते, उचलला नाही. जेवायच्या सुट्टीत लावला तर "थंब लागंना बघ" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. रेशन दुकानातल्या मशीनने तिच्या अंगठ्याचा ठसा ओळखला नाही, म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत आलेली. सलग दुसऱ्या महिन्यात.

फोन ठेवून डबा उघडला, तर शेजारच्या टेबलावर मोबाइलवर एक व्हिडिओ चालू. आपल्या देशाने आधार ही जगातली सगळ्यात मोठी ओळख व्यवस्था कशी उभी केली, अंगठा टेकवला की दोन सेकंदांत काम कसं होतं, वगैरे. सगळे कौतुकाने बघत होते. माझा घास घशाखाली उतरेना. तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आता लिहितेय. लांबेल, पण वाचा.

माझी मावशी सोलापूरची. चाळीस वर्षं विड्या वळल्या. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पान आदल्या रात्री भिजवायचं, सकाळी फर्मा म्हणजे मापाचा साचा ठेवून कात्रीने कापायचं, मांडीवर सूप घेऊन बसायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, अंगठा आणि बोटांच्या पेरांत विडी वळायची, तोंड नखाने दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला आठशे, हजार. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन कारखान्यात माल द्यायला जायचं. तिथे तपासणारा बसलेला असायचा, तो त्यातल्या काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. मी लहानपणी तिच्याकडेच असायचे. माझी शाळेची फी, दप्तर, पहिली सायकल सगळं त्या हजारातून आलं. तिचा हात माझ्या तोंडावरून फिरायचा तेव्हा तंबाखूचा वास यायचा. आणि बोटं गुळगुळीत असायची, काचेसारखी. तेव्हा मला ते छान वाटायचं.

त्या गुळगुळीत बोटांवर आता मशीन म्हणतंय की तू ती नाहीस.

तिच्या कार्डावर ती एकटीच. काका गेले, मूलबाळ नाही. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य, म्हणजे तिला गहू-तांदूळ मिळून महिन्याला ५ किलो. हे ५ किलो नेण्यासाठी ती आज तीनदा अंगठा टेकवत होती. मग दुसरा अंगठा, मग एकेक बोट. दुकानदार म्हणाला पुसून बघा, तिने पदराला पुसलं. मागच्या बाईने सांगितलं तेल लावा, कुणी म्हणालं व्हॅसलीन चोळून या, एकाने फरशीवर घासायला सांगितलं. तिने घासलं हो! सदुसष्ट वर्षांची बाई रांगेतल्या वीस लोकांसमोर खाली वाकून फरशीवर बोट घासत होती. हे तिने मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

तुम्ही म्हणाल ओटीपी असतो. असतो ना. पण आधारला जोडलेला नंबर होता मावसभावाच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद झालं. नवा नंबर जोडायला आधार केंद्रात गेलो, तर तिथेही आधी बोटाचाच ठसा मागितला. म्हणजे ठसा उमटत नाही म्हणून नंबर हवा, आणि नंबर जोडायला ठसा हवा. मार्चमध्ये त्यासाठी दोन दिवस रजा काढली होती मी. चेहरा दाखवून मोबाइलवर ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची ओळख-पडताळणी, होते म्हणे, ती मी मोठ्या प्रयासाने करून दिली, तेव्हा वाटलं सुटलो. पण केवायसी वेगळी आणि दर महिन्याला धान्य उचलताना द्यायचा थंब वेगळा, हे दुकानात गेल्यावर कळलं. डोळ्यावरून ओळखणारं मशीन आहे तिथे, पण आज ते चालत नव्हतं.

दुकानदारावर मी चिडलेली नाही. आधी चिडले होते, फोनवरच त्याला चार शब्द ऐकवायचे होते. मावशीनेच थांबवलं. म्हणाली, "त्याला काय बोलतीस? मशीनमधून पावती निघाल्याबिगर त्यानं दिलं तर त्याच्याच खिशातनं जातंय." बरोबरच आहे. त्याचं कमिशनही पावतीवरच, रेंज गेली की लोक त्यालाच शिव्या घालतात. तोही त्याच मशीनपुढे हात जोडून बसलाय.

मला राग आहे तो ज्यांनी हे ठरवलं त्यांचा. आणि कृपा करून कॉमेंटमध्ये पक्ष आणू नका. पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला, तेव्हा सरकार यांचं होतं. कायदा करून अनुदानाला बांधलं २०१६ ला आणि रेशनला घट्ट बांधून टाकलं २०१७ ला, तेव्हा सरकार त्यांचं. दोघांनीही टाळ्या घेतल्या. विडी वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, विटा थापणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या माणसाच्या बोटावर रेषा उरतात का, हा प्रश्न कुणाला पडला नाही? की पडला आणि सोडून दिला?

कारण शरीर बदलतं हे त्यांना माहीत आहे. लहान मुलांच्या आधारसाठी पाचव्या वर्षी ठसे घेतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यायला लावतात, वाढीबरोबर बोटं बदलतात म्हणून. तेवढी अक्कल आहे. मग चाळीस वर्षं काम करून हात झिजतात हे का कळत नाही? ज्यांच्यासाठी ५ किलो धान्य आहे ते लोक हातानेच काम करणारे आहेत ना? आमच्या ऑफिसात अंगठ्याची हजेरी आहे, आजवर कुणाचा अंगठा अडला नाही. आम्ही दिवसभर कीबोर्ड बडवतो, आमच्या रेषा शाबूत.

हो, मान्य आहे, बोगस कार्डं गेली, आणि सोलापूरचं कार्ड पुण्यात चालतं याचा आमच्याच गल्लीतल्या दोन घरांना उपयोग झालाय. चांगलं आहे ते. पण बोगस कार्ड पकडायला मावशीला फरशीवर बोट घासायला लावणं भाग होतं का?

आणखी एक. नियम नाही असंही नाही. २०१७ च्या सप्टेंबरात झारखंडमध्ये, सिमडेगा जिल्ह्यात, अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधार जोडलं नाही म्हणून त्या घराचं रेशन कार्ड रद्द झालेलं. आई सांगत होती, पोर भात मागत गेली. सरकार म्हणालं मलेरिया होता. पण महिन्याभरात, २४ ऑक्टोबरला, केंद्राने राज्यांना लेखी कळवलं की ठसा जुळला नाही किंवा नेट नसलं म्हणून कुणाला धान्य नाकारू नका, कार्ड बघा, वहीत नोंद करा आणि द्या. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा आधारच्या बाजूने निकाल दिला, पण ठसा जुळला नाही म्हणून कुणी हक्काला मुकू नये हे त्यांनाही मान्य करावं लागलं. म्हणजे वहीत सही घेऊन माझ्या मावशीला आज ५ किलो धान्य द्यायला हवं होतं. कुठे आहे ती वही? दुकानात भिंतीवर दर लावलेत, पुढाऱ्यांचे फोटो लावलेत. ही एक ओळ का लावलेली नाही?

मला माहीत आहे काही जण लिहिणार, "तू एवढी कमावतेस, दे की तिला धान्य." देतेच. तिच्या डब्यात तांदूळ आहेत, ती उपाशी नाही. पण मी भरून दिलेल्या डब्यातलं खाताना ती दोनदा विचारते, "तुला पुरतंय ना?" रेशनचं आणलेलं खाताना विचारत नाही. ते तिचं असतं. पेन्शन म्हणून महिन्याला हजार रुपये येतात, त्यासाठीसुद्धा वर्षातून एकदा हयातीचा दाखला, तिथेही मागच्या वर्षी बोट लागलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर पाणी पिता पिता म्हणाली होती, "आधी कारखान्यात विड्या छाटायचे. आता मलाच छाटायलेत."

हे लिहिताना रडू येतंय, खरं सांगते. दुपारी फक्त संताप होता.

ती मुळात भांडणारी बाई नाही असं समजू नका. किमान वेतनासाठी लाल झेंड्याच्या मोर्चात मला कडेवर घेऊन गेलेली बाई आहे ती. पण मोर्चात समोर साहेब असायचा, त्याच्या नावाने घोषणा देता यायच्या. मशीनपुढे ती गप्प होते. तिला वाटतं तिच्याच बोटात खोट आहे. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. परवा तिने मेडिकलमधून हाताला लावायची क्रीम आणली, साठ रुपयांची. फुकटचं धान्य मिळावं म्हणून साठ रुपयांची क्रीम.

तुमच्यापैकी कुणी तहसीलच्या पुरवठा विभागात असेल, रेशनच्या हक्कावर काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर इनबॉक्सला या. तुमच्या घरात, गल्लीत कुणाचा थंब लागत नसेल तर तेही लिहा, नावं नकोत, फक्त गाव आणि किती महिने ते सांगा.

शनिवारी मी सोलापूरला जातेय. केंद्राच्या त्या २४ ऑक्टोबरच्या पत्राची प्रिंट काढून ठेवलीय, कोरी वही घेतलीय, दुकानात मावशीबरोबर उभी राहणार आहे. तिला मघाशी पुन्हा फोन करून सांगितलं, तोवर बोटाला काही चोळू नकोस. "बरं," म्हणाली. "पण क्रीम उघडलीय गं, वाया जाईल."