सीएसआर करार एका वर्षापुरताच? एक खुलासा

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामांवर खर्च करायचा, निधी ३१ मार्चपर्यंत खर्च न झाल्यास सरकारजमा होतो, म्हणून कंपनीला सामाजिक संस्थेशी एका वर्षाहून अधिक काळाचा करार करता येत नाही, असा संदेश सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही.

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ आणि २०२१ मध्ये सुधारलेले नियम पाहिले, तर दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र तरतूद आढळते: असा प्रकल्प, सुरुवातीचे आर्थिक वर्ष वगळून, आणखी तीन वर्षे चालू शकतो. त्याची अखर्चित रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत कंपनीने वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत सीएसआरच्याच कामावर खर्च करायची असते. एका वर्षासाठी मंजूर झालेला प्रकल्पही सबळ कारण असल्यास संचालक मंडळ वाढवू शकते. इतर प्रकल्पांची शिल्लक मात्र वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये नमूद केलेल्या निधीकडे (उदा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी) वळवावी लागते. गोंधळ बहुधा तेथूनच झाला असावा.

एखादी कंपनी वार्षिक करारच करत असेल, तर ते तिचे धोरण आहे, कायद्याची सक्ती नव्हे. कृपया हा संदेश पुढे पाठवू नये आणि जिथे पाठवला असेल तिथे ही दुरुस्ती कळवावी.